उलटलेला टँकर ‘वापरात’ असतो का?

तत्त्वज्ञानाच्या माणसाने टँकरवर काय बोलायचं, असं तुमच्या मनात आलं असेल. पण नागावातून अलिबाग-वडखळ रस्त्याने जाताना टँकरच्या मागे अडकला नाही, असा माणूस या सभेत नसावा. आणि प्रश्न आमच्याच शास्त्रातला आहे: कार्यकारणभावाचा.

२९ ऑक्टोबर १९८७. पहाटे तीनच्या सुमारास सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली कलंडला, पेट्रोल गळू लागलं. लोक जमले. सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला, माणसं भाजली, काही दगावली.

त्या वेळच्या कायद्यात वाहनाच्या ‘वापरातून’ मृत्यू झाला तर कुणाची चूक हे न बघता १५,००० रुपये मिळत. मालकपक्ष म्हणाला, टक्कर तीनला संपली. सव्वाचार तासांनी पडून राहिलेला टँकर कसला वापरात? न्यायाधिकरणाला हे पटलं. उच्च न्यायालयाला पटलं नाही, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही नाही. वाहन थांबलं म्हणून वापर संपत नाही, आणि कारण अगदी लगतचंच असावं लागत नाही.

मला हे योग्य वाटतं, कारण पदार्थाचा स्वभावच तसा आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून न जाता जमिनीलगत, सखल भागाकडे पसरते. दिसत नाही, आणि दूरची एक ठिणगी तिला पुरते. म्हणजे ते सव्वाचार तास ‘काहीच न घडण्याचे’ नव्हते. आणखी एक: अर्धा भरलेला टँकर भरलेल्यापेक्षा बेभरवशाचा, वळणावर आतलं द्रव एका बाजूला धावतं आणि गाडीला ओढतं. म्हणून आत आडव्या पट्ट्या, कप्पे. काठोकाठही भरत नाहीत, उन्हात द्रव फुगतं.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत टँकरवर फलक आला: पदार्थाचं नाव, धोक्याचं चिन्ह, संपर्काचा फोन आणि संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला क्रमांक. पेट्रोलला १२०३, अमोनियाला १००५. चालकाला प्रशिक्षण, केबिनमध्ये सूचनांचं कार्ड.

आता बघा, हा फलक नेमका कुणासाठी? चालकाला माल ठाऊकच असतो. फलक अग्निशमनवाल्यांसाठी, आणि रस्त्याकडेच्या गावासाठी. कलंडलेल्या टँकरजवळ जाऊन तो वाचायचा नाही. वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब उभं राहून क्रमांक दिसला तर फोनवर तेवढाच सांगायचा. आणि डबा घेऊन निघालेल्या शेजाऱ्याला हाताला धरून मागे आणायचं.