इटलीत लेकीच्या मागून

व्यापारी घरांतील मुलामुलींनी शिक्षणासाठी युरोपात जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. पूर्वी ओढा इंग्लंड-अमेरिकेकडे असे. अलीकडे इटलीचेही नाव घरोघरी ऐकू येते. त्यामागे साधा हिशेब आहे. तेथील सरकारी विद्यापीठांत शुल्क कुटुंबाच्या उत्पन्नानुसार ठरते, अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतात आणि प्रांतिक शिष्यवृत्त्या परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळू शकतात. मूल गेले की वर्ष-दीड वर्षात आईवडिलांची पावले तिकडे वळतात. या भेटीत घरातील जुना क्रम उलटा होतो. ज्या मुलाला बोट धरून बाजार दाखवला, त्याच्याच मागून परक्या बाजारात चालावे लागते. सांगलीच्या एका हळद व्यापारी कुटुंबाच्या इटली भेटीची हकीकत या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे.

या घरची मुलगी मिलानमध्ये वित्तशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जूनच्या आरंभी वडील, आई आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी दहा दिवसांसाठी तिच्याकडे गेल्या. वडिलांच्या मनातील यादी लांबलचक होती: रोम, पिसा, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि जमल्यास दोन दिवस स्वित्झर्लंड. लेकीने एका कागदावर दहा दिवसांचा आराखडा लिहून पाठवला. त्यात मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि जवळचे प्रातो एवढीच नावे होती. "अण्णा, गावे गाडीच्या खिडकीतून मोजायची की खाली उतरून पाहायची, ते आधी ठरवू या. आजींचे गुडघे धरून मी हिशेब केला आहे," असे तिने कळवले. अण्णा दोन दिवस नाराज होते. आजींनी मात्र तो कागद देवघराशेजारी टाचणीने लावून ठेवला.

तयारीचा भाग किचकट असला तरी अवघड नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. इटलीत राहणाऱ्या मुलाचे निमंत्रणपत्र, त्याच्या निवासाची व प्रवेशाची कागदपत्रे जोडल्यास भेटीचे कारण स्पष्ट होते. विद्यार्थी बहुधा सामायिक घरात राहतात. तेथे तीन पाहुणे मावत नाहीत. म्हणून लेकीने प्रत्येक शहरात स्वयंपाकघर असलेले छोटे घर भाड्याने घेतले. घरमालकाने पासपोर्ट मागितल्यावर अण्णांना ते खटकले. परंतु पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणे त्याच्यावर कायद्याने बंधनकारक असते. चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले असावेत हा नियम आजींच्या नऊवारीला मुळीच जाचक नव्हता.

खरी चिंता आहाराची होती, आणि या बाबतीत लेकीने दीड वर्षात मिळवलेली माहिती प्रत्येक जैन प्रवाशाने टिपून ठेवावी अशी आहे. इटालियन जेवण वरवर शाकाहाराला सोयीचे दिसते. तरी आत डोकावावे लागते. तेथील अनेक रश्श्यांची सुरुवातच बारीक चिरलेला कांदा, गाजर व सेलरी तेलात परतून होते. मिलानच्या प्रसिद्ध केशरी रिसोत्तोत परंपरेने बैलाच्या हाडातील मगज घालतात. पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने बनते, म्हणून दूध शाकाहारी असले तरी ते चीज शाकाहारी ठरत नाही. फोकाच्चा या पावात काही ठिकाणी चरबी असते आणि पान्ना कोत्ता या गोडात जिलेटिन. याउलट पाकिटातला साधा सुका पास्ता केवळ डुरम गव्हाचा रवा आणि पाणी यांचा असतो. ताज्या पास्त्यात मात्र बहुधा अंडे असते. "सेन्झा चिपोल्ला, सेन्झा आल्यो", म्हणजे कांद्याशिवाय, लसणाशिवाय, हे चार शब्द आजींनी दुसऱ्याच दिवशी पाठ केले आणि टोमॅटो, तुळशीसारखी बेझिलची पाने व ऑलिव्ह तेल यांचा पास्ता स्वतः रांधून घरच्यांना वाढला.

सूर्यास्तापूर्वी जेवण हा नियम पाळणाऱ्यांसाठी ऋतूची निवड महत्त्वाची आहे. तेथील उपाहारगृहे रात्रीच्या जेवणासाठी साधारण साडेसातला उघडतात. डिसेंबरात मिलानला पावणेपाचच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा बाहेर जेवण्याचा प्रश्नच उरत नाही. जूनमध्ये मात्र सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो. लेकीने जून निवडला होता तो याच कारणाने. आजींना ते तेथे पोहोचल्यावर समजले.

मिलानमध्ये कॅथेड्रलच्या छतावर जाण्यासाठी लिफ्ट आहे, त्यामुळे आजींनाही संगमरवराचे ते अरण्य जवळून पाहता आले. १३८६ मध्ये आरंभ झालेल्या या वास्तूची देखभाल करणारी संस्था १३८७ पासून आजतागायत काम करीत आहे, हे ऐकून अण्णांनी सहाशे वर्षे चाललेल्या विश्वस्त कारभाराबद्दल बरेच प्रश्न विचारले. त्यानंतर लेकीने त्यांना प्रवासी सहसा जात नाहीत अशा ठिकाणी नेले: बोकोनी विद्यापीठाच्या दारात. फेर्दिनान्दो बोकोनी हा कापडविक्रीतून मोठ्या दुकानांचा मालक झालेला व्यापारी. त्याचा मुलगा लुइजी १८९६ मध्ये आफ्रिकेतील अद्वाच्या लढाईनंतर परतलाच नाही. त्या मुलाच्या नावे पित्याने १९०२ मध्ये हे विद्यापीठ उभारले आणि इटलीत अर्थशास्त्राची पदवी देणारे ते पहिले विद्यापीठ ठरले. अण्णा बराच वेळ त्या इमारतीकडे पाहत उभे राहिले. दूर गेलेले अपत्य परत येईल की नाही, हा विचार त्यांच्याही मनात होता. तो त्यांनी त्या दिवशी बोलून दाखवला नाही.

मिलानहून व्हेनिसला जलद गाडीने सुमारे अडीच तास लागतात. तेथे मोटारी नाहीत. कालव्यांवरील पूल आणि त्यांच्या पायऱ्या आहेत. म्हणून लेकीने सामान कमी ठेवले होते आणि जलबसचे दिवसभराचे तिकीट आधीच काढले होते. रिआल्तो पुलाजवळच्या जुन्या बाजारात सान जाकोमो हे लहानसे चर्च आहे. त्याच्या मागील भिंतीवर मध्ययुगातील एक लॅटिन लेख कोरलेला आहे. या चर्चच्या परिसरात व्यापाऱ्याचा व्यवहार न्यायाचा असावा, वजने खरी असावीत आणि करारात कपट नसावे, असा त्याचा आशय. लेकीने अर्थ सांगताच आजी म्हणाल्या, "खोटी वजने-मापे हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार. पाठशाळेत शिकलो होतो." तीस वर्षे काट्यासमोर बसलेल्या अण्णांनी त्या भिंतीला हात लावून पाहिला.

याच व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोली या संन्यासी गणितज्ञाचा ग्रंथ छापला गेला. द्विनोंदी पद्धतीचे छापील विवेचन त्यात प्रथम सविस्तर आले. पाचोलीने ती पद्धत शोधली नाही. व्हेनिसचे व्यापारी आधीपासून पाळत असलेली रीत त्याने नीट मांडली. त्याने तीन वह्या सांगितल्या: टिपणवही, रोजकीर्द आणि खतावणी. ज्या अंकांनी या वह्या पुढे लिहिल्या गेल्या, ते अंक मूळ भारताचे. अरबांकडून शिकून पिसाच्या लिओनार्दो फिबोनाचीने १२०२ मध्ये ते इटलीला समजावून दिले. फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने १२९९ मध्ये हिशेबाच्या वहीत हे अंक वापरण्यास मनाई केली होती. पुढे बाजारानेच ते स्वीकारले. "म्हणजे माल आपला आणि बांधणी त्यांची," असे अण्णा हसत म्हणाले.

त्या रात्री मात्र वातावरण बदलले. दिवसभराचा खर्च लेक वहीत लिहीत असे आणि अण्णा झोपण्यापूर्वी ती वही पाहत. त्या दिवशी जलबसच्या चार तिकिटांची रक्कम वहीत नव्हती. विचारल्यावर ती म्हणाली, "ती माझ्या पगारातून." पगार हा शब्द ऐकून अण्णा गप्प झाले. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ती आठवड्यातून काही तास काम करते, हे तिने घरी सांगितले नव्हते. विद्यार्थ्यांना तेथे आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करण्याची कायदेशीर मुभा आहे. परंतु प्रश्न कायद्याचा नव्हता. "आम्ही पैसे पाठवत नव्हतो का? बाजारात कळले तर लोक काय म्हणतील?" असे अण्णा म्हणाले. लेकीने उत्तर दिले, "पैसे कमी पडले म्हणून काम धरलेले नाही. तुम्ही पाठवता त्यातले शिल्लकही आहेत. इथल्या माणसांबरोबर उभे राहून काम करायचे होते. ते वर्गात बसून येत नाही." पुढे कोणी बोलले नाही.

फ्लॉरेन्सला पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी आराखड्यातील शेवटचे गाव आले. प्रातो गाडीने अर्ध्या तासाच्या आत येते. तेथे फ्रान्चेस्को दातिनी या चौदाव्या शतकातील व्यापाऱ्याचा वाडा आहे. १३४८ च्या प्लेगमध्ये तो पोरका झाला आणि अगदी कोवळ्या वयात नशीब काढण्यासाठी फ्रान्समधील आव्हिन्योला गेला. तेथे उमेदवारी करून, पुढे स्वतःची पेढी काढून, प्रौढ वयात गावी परतला. त्याची सुमारे १,५०,००० पत्रे आणि ५०० हून अधिक हिशेबवह्या टिकून आहेत. १८७० मध्ये त्या पुन्हा उजेडात आल्या. आपल्याकडे वहीवर शुभ-लाभ लिहितात, तसे त्याच्या वह्यांवर देवाचे व नफ्याचे स्मरण एकत्र केलेले आढळते. औरस संतती नसलेल्या दातिनीने १४१० मध्ये मरताना आपली बहुतेक संपत्ती गावच्या गरिबांसाठी न्यास करून ठेवली. फ्लॉरेन्समध्ये टाकून दिलेल्या बालकांसाठी आश्रम व्हावा म्हणून १,००० फ्लोरिन वेगळे दिले. त्या आश्रमाचे बांधकाम १४१९ मध्ये रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने ब्रुनेलेस्कीकडून सुरू केले. आदल्याच सायंकाळी या कुटुंबाने ती इमारत पाहिली होती. तिच्या संग्रहालयात मातांनी बाळाजवळ ठेवलेली अर्धी पदके आहेत. कधी तरी परत येऊन दुसरा अर्धा भाग जुळवावा आणि मूल ओळखावे, ही त्यामागची आशा.

दातिनीच्या वाड्यातून बाहेर पडल्यावर आजी एका बाकावर बसल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "तुझे वडील पहिली चार वर्षे दुसऱ्याच्या पेढीवर वह्याच लिहीत होते. तेव्हा कोणी लाज काढली नाही. उमेदवारीशिवाय पेढी चालत नाही, असे तेच सांगायचे." अण्णांनी उत्तर दिले नाही. रात्री त्यांनी खर्चाची वही मागून घेतली, जलबसच्या तिकिटांची रक्कम स्वतःच्या हाताने लिहिली आणि ती लेकीच्या नावे जमा केली. शिक्षण संपल्यावर ती सांगलीला येणार की तिकडेच राहणार, हा प्रश्न अण्णांनी त्या दहा दिवसांत विचारला नाही. लेकीनेही वचन दिले नाही. मात्र परतीच्या आदल्या दिवशी तिने हळदीच्या निर्यातीसाठी युरोपात कोणत्या तपासण्या लागतात याची माहिती काढायचे कबूल केले, आणि अण्णांनी दुकानातील नमुने पाठवायचे.

ज्यांची मुले इटलीत किंवा अन्यत्र शिकत आहेत, अशा पालकांनी या हकीकतीतून काही व्यावहारिक गोष्टी घ्याव्यात. भेटीचा आराखडा मुलांनाच करू द्यावा आणि तो मोडू नये. गावे कमी घ्यावीत, मुक्काम वाढवावा. लेओनार्दोच्या "शेवटचे भोजन" या चित्रासमोर केवळ पंधरा मिनिटे मिळतात आणि तीही बऱ्याच आधी नोंदवावी लागतात. फ्लॉरेन्सचे उफ्फित्सी संग्रहालय सोमवारी बंद असते. अशा बाबी तेथे राहणाऱ्या मुलाला ठाऊक असतात. ब्रुनेलेस्कीच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या वृद्धांनी न चढलेल्या बऱ्या. खालच्या चौकातून तो अधिक चांगला दिसतो. एक पूर्ण दिवस मुलाच्या रोजच्या जागांसाठी राखून ठेवावा: तो भाजी कोठून घेतो, कोणत्या ट्रामने जातो, कोणत्या बाकावर बसून घरी फोन करतो. खर्चाची वही त्याच्या हाती द्यावी. आणि वहीत एखादी नोंद अनपेक्षित आढळली, तर जाब विचारण्यापूर्वी तिच्या मागची हकीकत ऐकून घ्यावी.