कोरोनानंतरचा विसराळूपणा आणि जनुकांची भीती

कोरोनाची साथ ओसरून काही वर्षे झाली, तरी एक तक्रार माझ्या कानावर अजून येते. "डॉक्टर, त्या आजारापासून डोके पूर्वीसारखे चालत नाही. माणसाचे नाव आठवत नाही, साधा हिशेब चुकतो." त्यातच कोणीतरी सांगितलेले असते, की या विषाणूने माणसाची जनुकेच बदलतात. मग 'हे मुलाबाळांत उतरेल का?' अशी धास्ती बसते. आज या दोन्ही गोष्टींचा विचार करू.

पहिली गोष्ट, ही तक्रार मनाचे खेळ म्हणून उडवून लावू नये. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी ५१ ते ८१ वर्षे वयाच्या ७८५ जणांच्या मेंदूची दोनदा छायाचित्रे घेतली. त्यांपैकी ४०१ जणांना मधल्या काळात कोरोना झाला होता, तोही बहुतेकांना सौम्य. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत, वास आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागांत या लोकांची झीज इतरांपेक्षा ०.२ ते २ टक्के जास्त आढळली. फरक लहान आहे, पण खरा आहे.

आता जनुकांविषयी. घरातील विजेचे वायरिंग तेच असते. कोणते बटण चालू आणि कोणते बंद, एवढेच बदलते. जनुकांचेही तसेच आहे. अमेरिकेत बोस्टन येथे तीव्र कोरोनाने मृत्यू पावलेल्यांचे मेंदू तपासले, तेव्हा दाह वाढविणारी जनुके अधिक सक्रिय आणि मज्जापेशींमधील संदेशवहनाची जनुके मंदावलेली दिसली. म्हातारपणी मेंदूत होणाऱ्या बदलांशी हे चित्र जुळत होते. मात्र मेंदूत विषाणू सापडला नाही. म्हणजे विषाणूपेक्षा त्याच्याविरुद्ध शरीरात पेटलेला दाह अधिक दोषी असावा.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हे मेंदू अत्यवस्थ रुग्णांचे होते. चार दिवस ताप येऊन बरे झालेल्यांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. आणि येथे बटणे बदलली, वायरिंग नव्हे. मुलांना वारसा मिळतो तो बीजपेशींतून, मेंदूच्या पेशींतून नव्हे. तेव्हा ही भीती मनातून काढून टाकावी.

दिलासा देणारी बाबही आहे. २०२४ साली इंग्लंडमध्ये सुमारे १ लाख १३ हजार लोकांची बुद्धीची चाचणी प्रसिद्ध झाली. लक्षणे रेंगाळलेल्यांचे गुण सर्वांत कमी होते. पण ज्यांची लांबलेली लक्षणे अखेर गेली, त्यांचे गुण लवकर बरे झालेल्यांच्या बरोबरीने होते.

मग करावे काय? प्रथम सगळा दोष कोरोनाच्या माथी मारू नये. थायरॉइड, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. शाकाहारी मंडळींत बी-१२ची उणीव मला वारंवार आढळते, आणि तिच्यावर सोपा उपाय आहे. अपुरी झोप आणि उदासी यांनीही स्मृती मंदावते. रक्तदाब व मधुमेह ताब्यात ठेवावेत. कामे एका वेळी एकच, लिहून ठेवून करावीत. व्यायाम बेताने वाढवावा. श्रमानंतर दुसऱ्या दिवशी गळून जायला होत असेल, तर जोर करू नये. वास गेला असेल, तर गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी रोज दोनदा, काही महिने नेमाने हुंगावे.

'मेंदूच्या टॉनिक'वर मात्र पैसे घालवू नयेत. आणि बोलणे अचानक अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हात-पाय लुळा पडला, तर तो विसराळूपणा नव्हे, पक्षाघात असू शकतो. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

घरच्यांना एक विनंती. अशा माणसाला 'लक्षच नसते तुझे' असे टोचून बोलू नका. त्याचे लक्ष असते. थकलेला मेंदू साथ देत नाही, इतकेच.