समलिंगी तरुणांचे प्रेम आणि समाजाचा कलंक

समलिंगी प्रेमासारखा विषय संस्थेच्या स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न काही ज्येष्ठ सभासदांना पडणे स्वाभाविक आहे. त्यांना आम्ही प्रथम एका जुन्या खटल्याची आठवण करून देऊ इच्छितो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. संततिनियमन व लैंगिक आरोग्य हे त्याचे विषय. वाचक आपल्या अडचणी पत्राने कळवीत आणि कर्वे त्यांना शास्त्रीय उत्तरे देत. १९३४ साली अशाच काही उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. कर्व्यांची बाजू मांडण्यासाठी मुंबईच्या न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक अज्ञान दूर व्हावे म्हणून प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर देणे हा गुन्हा कसा, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला व कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. परंतु ज्या विषयावर उत्तर देण्याच्या हक्कासाठी बाबासाहेबांनी वकिली केली, तो आपल्या पानांवर छापण्यास आपण संकोचावे, हे आम्हास पटत नाही.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. पुरुषाला पुरुषाविषयी किंवा स्त्रीला स्त्रीविषयी प्रेम व आकर्षण वाटणे म्हणजे समलिंगी असणे. दोघांविषयीही वाटू शकते, त्यांना बायसेक्शुअल म्हणतात. तृतीयपंथीयांचा प्रश्न निराळा आहे. तो आपण स्वतः पुरुष की स्त्री या जाणिवेचा आहे, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा स्वतंत्र निकाल एप्रिल २०१४ मध्ये आला. समलिंगी असणे हा आजारही नव्हे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली व जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली ते रोगांच्या यादीतून काढले.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ज्यांना हा विषय थोडाफार ऐकून माहीत आहे ते हमखास एक वाक्य बोलतात : "अहो, पण त्यांची नाती टिकत नाहीत." आमचे म्हणणे असे की, हे वाक्य परिणामालाच कारण समजते. नवरा-बायकोचे नाते तरी केवळ दोघांच्या प्रेमावर टिकते काय? साखरपुड्यापासून दोनशे माणसे त्या नात्याला साक्षी असतात. भांडण झाले तर आत्या येते, मामा येतात, चार गोष्टी दोघांनाही सुनावतात. सून आजारी पडली तर दवाखान्यात कोण थांबणार, हे कोणी विचारत नाही. मुलगा कामाला सुरतेला गेला तर त्याने घरी फोन केला का, याची शेजारीणसुद्धा चौकशी करते. या सगळ्या आधारांतून एकेक काढून घ्या, आणि मग सर्वसाधारण जोडप्यांपैकी किती टिकतात ते पाहा. समलिंगी तरुणांचे प्रेम पहिल्या दिवसापासून या आधारांवाचून उभे असते. कलंक प्रेमाला अडवीत नाही, प्रेम तर होतेच. तो त्याला टेकू मिळू देत नाही.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हे कसे घडते, ते पाहण्यासारखे आहे. धडगाव, मोलगीकडची मुले शिक्षणासाठी तळोदा, शहादा, नंदुरबारला येतात. वसतिगृहात किंवा चौघे मिळून घेतलेल्या भाड्याच्या खोलीत राहतात. दोन मुलगे एका मोटारसायकलवर तोरणमाळला गेले, गळ्यात हात टाकून बाजारातून फिरले, तरी कोणी वळूनही पाहत नाही. दोस्ती आहे, असे म्हणतात. दोन मैत्रिणी एका अंथरुणावर झोपल्या तर आई त्यांच्या अंगावर गोधडी घालून जाते. वरवर पाहता ही मोठीच मोकळीक वाटेल. पण दोस्ती हे पांघरूण आहे आणि पांघरुणाखाली उजेड येत नाही. नाते सुरू झाले हे जसे कोणाला कळत नाही, तसे ते तुटले हेही कळत नाही. प्रेमभंग झालेल्या इतर मुलाला मित्र चहाच्या टपरीवर घेऊन बसतात; या मुलाला मात्र "काय रे, आजकाल जेवत का नाहीस?" याचे खोटे उत्तर शोधावे लागते. परीक्षा बुडते, आणि घरी वाटते की पोरगा शहराला लागला.

शिवाय लपविणे हे एकदा करून संपणारे काम नव्हे. मोबाइलमध्ये नाव दुसरेच ठेवायचे, संदेश वाचून लगेच पुसायचे, फोन भावाच्या हाती लागणार नाही हे पाहायचे. दोघांपैकी एक जण जास्त घाबरट असला तर चारचौघांत दुसऱ्याला ओळखच दाखवीत नाही. एकांतात जिवलग आणि बाजारात परका, हे माणसाला किती दिवस सोसेल? भांडणे सुरू होतात ती यावरून. ज्याच्या मनात समाजाची घृणा लहानपणापासून मुरलेली असते, तो कधी कधी ती घृणा जोडीदारावरच काढतो. "तुझ्यामुळे मी असा झालो" असे म्हणतो. अमेरिकेतील संशोधक इलान मेयर यांनी २००३ साली एका शोधनिबंधात याची नीट मांडणी केली. अल्पसंख्य माणसाला सर्वांसारखे ताण तर असतातच. त्याखेरीज उघड भेदभाव, तो होईल ही सततची धास्ती, लपविण्याचा शीण आणि स्वतःविषयीच बसलेली घृणा, असा वेगळा भार त्याच्यावर पडतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

हे समजण्यासाठी आपल्या सभासदांना अमेरिकेपर्यंत जाण्याची खरे तर गरज नाही. शहरात खोली भाड्याने घेताना "आडनाव काय?" हा प्रश्न ज्यांनी ऐकला आहे आणि गावाचे नाव सांगून वेळ मारून नेली आहे, त्यांना लपविण्याचा शीण काय असतो हे ठाऊक आहे. मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. बाहेर अपमान झाला तर आपला मुलगा घरी येऊन सांगू शकतो. आईने, आजोबांनी तेच सोसलेले असते, म्हणून ते त्याला जवळ घेतात. समलिंगी मुलाच्या घरात त्याच्यासारखे बहुधा कोणीच नसते. ज्या घरी जाऊन रडायचे त्या घराचीच त्याला सर्वांत जास्त भीती वाटते. आणि आपल्या वस्तीतील मुलगा समलिंगी असला तर त्याला बाहेर एक व घरात दुसरे, अशी दोन ओझी वाहावी लागतात.

मुलींच्या बाबतीत शेवट बहुतेक वेळा लग्नाने होतो. बारावी झाली की स्थळे येऊ लागतात. हळद लागली की मैत्रीण पाहुणी होऊन जेवून जाते. मुलांना पंचविशीपर्यंत मुदत मिळते एवढेच. "लग्न झाले की ठीक होईल" हा घरच्यांचा समज अगदी भाबडा असतो, पण त्याची किंमत तिसरीच व्यक्ती मोजते. याचे उघड झालेले उदाहरण आमच्या शेजारचे आहे. अक्कलकुव्याच्या पलीकडे गुजरातचा नर्मदा जिल्हा लागतो. राजपीपला हे त्याचे मुख्य ठिकाण. तेथील राजघराण्यातील मानवेंद्रसिंह गोहिल यांचे १९९१ साली लग्न लावून दिले गेले. वर्षभरात ते मोडले. २००६ साली त्यांनी आपण समलिंगी असल्याचे एका गुजराती दैनिकातून जाहीर केले, तेव्हा राजपीपल्यात त्यांचे पुतळे जाळण्यात आले आणि घराण्याने त्यांच्याशी संबंध तोडल्याच्या जाहिराती दिल्या. राजवाड्यात जन्मलेल्याची ही कथा, तर कुडाच्या घरातल्याने तोंड कसे उघडावे? पुढे २०१८ साली याच गृहस्थांनी घरातून हाकललेल्या अशा तरुणांना आपल्या जागेत आसरा देण्याचे ठरविले.

कायद्याचे म्हणाल तर, इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेतील कलम ३७७ मुळे असे संबंध गुन्हा ठरत होते. जुलै २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून सोडविले, डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने पुन्हा मोकळीक दिली. या निकालाचा आधार होता संविधानिक नैतिकता. ही कल्पना ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी मांडली होती. ती माणसात उपजत नसते, जोपासावी लागते, असे त्यांनी बजावले होते. बहुसंख्यांना किळस येते एवढ्याने कोणाचा हक्क जात नाही, हा तिचा येथील अर्थ. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. म्हणून कोणी मोबाइलवर ओळख काढून "पोलिसांत देईन" असे धमकावत पैसे मागत असेल, तर कायद्याने गुन्हेगार तो आहे. पण "तुझ्या घरी सांगेन" ही धमकी अजून तितकीच चालते, आणि ती चालते तोवर खंडणीखोराचा धंदाही चालणार.

विद्यार्थ्यांनी आणखी एक प्रकरण माहीत करून घ्यावे. मदुराईच्या २२ व २० वर्षांच्या दोन तरुणी घरच्या विरोधामुळे चेन्नईला निघून गेल्या. पालकांनी हरवल्याच्या तक्रारी दिल्या. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद व्यंकटेश यांनी हा विषय आपल्यालाही समजला पाहिजे म्हणून स्वतः मानसशास्त्रज्ञासमोर बसून तो समजून घेतला (असे न्यायाधीश विरळा), आणि ७ जून २०२१ च्या आदेशात सांगितले की, मुली सज्ञान आहेत व स्वेच्छेने राहतात असे दिसताच पोलिसांनी त्यांना त्रास न देता तक्रार बंद करावी. त्याच प्रकरणातून पुढे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली असे ठरविले की, समलिंगी माणसाला औषधाने किंवा विजेच्या झटक्याने 'बदलून' देण्याचा दावा करणारा डॉक्टर व्यावसायिक गैरवर्तनाचा दोषी आहे. भगताकडे नेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे. मन फार खचले असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे.

घर सोबत असले तर काय होते, तेही आपल्या महाराष्ट्रात दिसले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये यवतमाळ शहरात एका अभियंत्याने आपल्या व्हिएतनामी मित्राशी समारंभपूर्वक विवाह केला. नातेवाईक व स्नेही हजर होते. २०२१ अखेरीस नागपुरात दोन महिला डॉक्टरांनी आप्तांसमक्ष आयुष्यभराच्या सोबतीचे वचन दिले. या समारंभांना कायद्याने विवाह मानले जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही. तो विषय संसदेचा, असे सांगितले. पण त्या दोन घरी पाहुणे आले होते, फोटो काढले गेले आणि नात्याला साक्षीदार मिळाले.

राहिला व्यवहाराचा भाग. बँकेत काउंटरवर बसणाऱ्यांना तो सांगणे जमते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय वित्त मंत्रालयाने स्पष्ट केले की, समलिंगी जोडीदारांनी संयुक्त खाते उघडण्यास किंवा एकमेकांना नॉमिनी नेमण्यास कोणतीही मनाई नाही. जाणकाराला त्यात नवल वाटणार नाही. १९८५ च्या नियमांपासून चालत आलेल्या नामनिर्देशनाच्या फॉर्मवर नात्याच्या रकान्यात 'असल्यास' असा शब्द होताच. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावे देता येतात. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की नॉमिनी हा पैशाचा विश्वस्त असतो, मालक नव्हे; वारसांनी हक्क सांगितला तर त्याला ती रक्कम द्यावी लागू शकते. जोडीदारालाच मिळावी अशी इच्छा असेल तर मृत्युपत्र करावे. त्याची नोंदणी सक्तीची नाही, साध्या कागदावरही चालते. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात.