राजकीय हिंसेची कारणमीमांसा : नाशिकच्या इतिहासाच्या आधारे

शासन ज्यास दहशतवादी म्हणते, त्यासच त्याचे अनुयायी हुतात्मा मानतात. म्हणून राजकीय हिंसेच्या अभ्यासकाने निंदा व गौरव ही दोन्ही टोके टाळून प्रथम कारणांचा शोध घ्यावयास हवा. कारण सांगणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. प्रतीत्यसमुत्पादाचा विचार परिचित असलेल्या वाचकास हा भेद नवा नाही.

अमेरिकन विदुषी मार्था क्रेनशॉ यांनी १९८१ मध्ये दहशतवादाच्या कारणांचे दोन वर्ग केले : पूर्वस्थिती आणि तात्कालिक निमित्त. हे वर्गीकरण नाशिकला लावून पाहता येते. परकीय सत्ता व राजकीय हक्कांचा अभाव ही येथील पूर्वस्थिती होती. १९०४ पासून ‘अभिनव भारत’ ही शपथबद्ध गुप्त संघटना कार्य करीत होती. जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकर यांना राजद्रोहाबद्दल जन्मठेप झाली. हे निमित्त ठरले. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सन हे प्राच्यविद्येचे अभ्यासक होते. परंतु मारणाऱ्यांच्या दृष्टीने ते केवळ सत्तेचे प्रतीक होते. प्रत्यक्ष बळी एक आणि इशारा दुसऱ्यास, हे या हिंसेचे मुख्य लक्षण होय. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यानंतरच्या नाशिक कट खटल्याने संघटनेचा येथील आधारच नाहीसा झाला.

परंतु पूर्वस्थितीवरूनच हिंसा उद्भवते काय? याच शहरात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. अस्पृश्यांसाठी दार शब्दशः बंद होते आणि त्यांची वेदना शतकानुशतकांची होती. रामनवमीच्या दिवशी दगडफेक झाली, तेव्हा हिंसेस निमित्तही मिळाले होते. तरीही दादासाहेब गायकवाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड, सामुदायिक मार्ग सोडला नाही. म्हणजे अन्यायाने असंतोषाचा उलगडा होतो, साधनाच्या निवडीचा होत नाही. ती निवड संघटना आणि नेतृत्व करीत असते.

एरिका चेनोवेथ व मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ या काळातील ३२३ चळवळी तपासल्या. त्यांत अहिंसक चळवळींपैकी ५३ टक्के, तर सशस्त्र चळवळींपैकी २६ टक्के यशस्वी ठरल्या. व्यापक लोकसहभाग हे त्याचे प्रमुख कारण त्यांनी दिले आहे. गुप्त संघटनेत शपथ घेणारे मोजकेच असतात. सत्याग्रहात मात्र स्त्रीपुरुष हजारोंनी उतरू शकतात.

अर्थात, काळाराम मंदिराचे दार त्या सत्याग्रहाने उघडले नाही, हेही नमूद केले पाहिजे. त्याची फलश्रुती निराळी होती. दडपशाहीने विखुरला न जाणारा, स्वतःचा निर्णय स्वतः घेणारा समाज त्यातून उभा राहिला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे धर्मांतराची घोषणा ऐकण्यास तो सिद्ध झाला. चळवळीचे मूल्यमापन करताना तिने कोणास भयभीत केले, एवढेच न पाहता तिने कोणास निर्भय केले, हेही अभ्यासकाने पाहिले पाहिजे.