भिंतीवरची वाटी आणि कानाची साक्ष

घरात मनासारखं गाणं ऐकू यावं म्हणून शौकीन माणूस काय काय करतो! अलीकडे त्याला नवा मोह पडतो तो भिंतीवर बसवायच्या इवल्याशा वाट्यांचा. तांब्याच्या, पितळेच्या, चांदीच्या, अगदी सोन्याच्याही. चार-पाच वाट्या लावा, खोलीतला आवाज उजळेल, असं सांगितलं जातं. काहींची किंमत चांगल्या स्पीकरच्या जोडीइतकी असते. खरंच आवाज सुधारतो का?

खोली आवाज बदलते, हे मात्र खरं. रिकाम्या सभागृहात कविता वाचली तर शब्द एकमेकांच्या अंगावर पडतात. सभागृह भरलं की तेच शब्द सुटे होतात. १८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात असंच एक व्याख्यानगृह निकामी ठरलं होतं. तिथं उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत असे. वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री तिथं आणून मांडल्या आणि आवाज किती वेळात विरतो ते मोजलं. उपकरण म्हणाल तर ऑर्गनची नळी, घड्याळ आणि स्वतःचा कान. आवाज किती शोषला जाईल हे वस्तूच्या जातीवर आणि पसाऱ्यावर ठरतं, असं त्याला आढळलं. मोजमापासाठी त्याने एकक घेतलं उघड्या खिडकीचं. कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

आता आपला हिशेब करू. बारा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली. भिंती, छत, जमीन मिळून ६८० चौरस फूट. दोन इंच तोंडाच्या पाच वाट्यांनी त्यातली जेमतेम सहा हजारांत एक भाग जागा व्यापली. त्यांनी समोर आलेला सगळा आवाज गिळला असं मानलं, तरी चार इंच लांब-रुंद झरोका उघडण्याइतकाच तो फरक.

विक्रेते इथं हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव घेतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती घुमते, तेच त्याचं तत्त्व. असं भांडं आपल्या तोंडाच्या मानाने जास्त आवाज ओढू शकतं, हे खरं. पण ते एका ठरावीक स्वराच्या आसपासच. भांडं लहान तेवढा तो स्वर उंच. घरातलं खरं दुखणं असतं खर्जाचं. बारा फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये सेकंदाला सुमारे ४७ कंपनांचा सूर घुमतो. त्याची एक लहर चोवीस फुटांची. तिला आवरायला कोपऱ्यात जाड थर किंवा मोठी पेटी लागते.

कुणी म्हणेल, तंबोऱ्याच्या तारेखालचा जवारीचा दोरा केवढासा असतो! बरोबर. पण तो तारेलाच भिडलेला असतो, आवाज जन्मतो तिथं. वाटी असते दूर भिंतीवर.

मग लोकांना फरक ऐकू येतो तो कसा? ते खोटं बोलत नाहीत. डोकं चार बोटं हललं तरी उंच स्वर बदलतात. आवाज किंचित मोठा झाला की तो चांगलाही वाटतो. शिवाय पैसे मोजलेले असतात.

म्हणून परीक्षा घ्यावी. तुम्ही डोळे मिटून एकाच जागी बसा. घरातल्या कुणीतरी दुसऱ्या खोलीत नाणं उडवून, येणाऱ्या कौलाप्रमाणे वाट्या लावाव्यात किंवा काढाव्यात. गाणं तेच, आवाजाचं बटण तिथंच. दहा वेळा ओळखा. निव्वळ अंदाजाने नऊ किंवा दहा उत्तरं बरोबर येण्याचा योग शंभरात एखाद्या वेळचा. तितकी आली, तर वाट्या जरूर ठेवा.

तोवर स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढा. खुर्ची भिंतीला टेकवू नका, आणि खोलीच्या अगदी मधोमधही ठेवू नका. चुण्यांचा जाड पडदा सोडा, समोर जाड गालिचा किंवा गादी अंथरा. यातली पहिली दोन कामं फुकट होतात, आणि त्यांचा फरक डोळे मिटूनही ऐकू येतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)