दादीचा आवाज कुठे ठेवायचा?

मागच्या रमजानमध्ये धाकट्याचा पाय केबलमध्ये अडकला आणि लॅपटॉपला जोडलेली हार्ड ड्राइव्ह टेबलावरून खाली आली. उंची अडीच फूट असेल. उचलून पुन्हा जोडली, तर ती नुसती टिकटिक करत राहिली. तिच्यात आपाच्या निकाहचं चित्रीकरण होतं, अब्बांचे कुवेतचे फोटो होते आणि दादीने सांगितलेल्या जुन्या गोष्टी होत्या, तिच्याच आवाजात. दादी आता हयात नाही. दुरुस्तीवाल्याने बरेच फोटो काढून दिले. आवाज मात्र निघाला नाही.

नवी ड्राइव्ह घेण्याआधी आम्ही पहिल्यांदाच नीट चौकशी केली. नेहमीच्या हार्ड ड्राइव्हच्या पोटात चकती फिरत असते, साधारण मिनिटाला ५४०० फेरे. वाचणारं टोक तिच्यावर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. चालू असताना धक्का बसला की ते चकतीवर घासतं. रबरी कवचाच्या ‘मजबूत’ ड्राइव्ह मिळतात, पण पडण्याबद्दलचा दावा बहुधा ती बंद असतानाचा असतो. आमची चालू होती.

एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. रोज पिशवीतून न्यायला तीच बरी. सॅमसंगच्या टी७ शील्डवर धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यासाठी आयपी६५ हा दर्जा आहे, आणि तीन मीटरवरून पडली तरी टिकेल असं कंपनी सांगते. आमच्या चिपळूणच्या पावसात हे कामाचं. पण तेवढ्याच जागेला पैसे जास्त पडतात. शिवाय वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवली तर तिच्यातली माहिती पुसट होऊ शकते. तिथे जुनी चकतीवाली, स्वस्त आणि एका जागी पडून राहणारी, अजून उपयोगाची.

दोन हजारांत सोळा टीबी दिसली तर मात्र हात लावू नका. आत लहानसं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि जागा भरली की फाइली मुकाट खराब होतात. आणि हो, वॉरंटी म्हणजे बिघडली तर दुसरी ड्राइव्ह. आतल्या निकाहचं कुणी देणं लागत नाही.

म्हणून आम्ही दोन्ही घेतल्या, एक न्यायला, एक कपाटात. तरी मन मानेना. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचे अल्बम चिखल झाले होते. त्याच कपाटात दहा प्रती असत्या, तरी दहाही गेल्या असत्या. मग चकतीवाली आणखी एक घेऊन रत्नागिरीला फुफीकडे दिली. दर ईदला भेटायला जातो, तेव्हा घरातली भरलेली तिकडे ठेवतो आणि तिकडची परत आणतो.

या ईदला तिच्यात अम्मीचा आवाज गेला. दादीच्या गोष्टी आता तीच सांगते, जेवढ्या आठवतात तेवढ्या.