पुस्तक वाचलं, आता गटाला सांगायचं कसं?



आमच्या बचत गटात हप्ते जमा झाले, वही मिटली, की पुढचा अर्धा तास पुस्तकाचा असतो. सुरुवातीला या अर्ध्या तासात आमची फजितीच व्हायची. एकीनं पुस्तक वाचून आणलं. कसं आहे विचारलं तर म्हणाली, "लई छान आहे." पुस्तक हातोहात फिरलं, सगळ्यांनी वरचं चित्र पाहिलं, आणि घरी मात्र कुणीच नेलं नाही.

पुढच्या महिन्यात दुसरीची पाळी आली. ती म्हणाली, "या बाईनं वीसेक वर्षं आपलं लिहिलेलं घरात लपवून ठेवलं होतं. नवऱ्याला कळू दिलं नाही, पोराला कळू दिलं नाही." एवढं सांगून ती थांबली. लगेच प्रश्न सुरू झाले. कशात लपवलं? का लपवलं? मग बाहेर आलं कसं? त्या दिवशी पुस्तक कुणी न्यायचं यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

ते पुस्तक होतं बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. बेबीताईंचं फलटणला छोटं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला आलेली रद्दी त्या वाचायच्या आणि गिऱ्हाईक नसलं की लिहायच्या. त्यांचं लेखन आधी 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं आणि 1986 मध्ये त्याचं पुस्तक झालं. महारवाड्यातली उपासमार, गावाने पाळलेली शिवाशिव आणि घरातल्या सुनांचे हाल, हे सगळं त्यात आहे. आपल्याच माणसांनी आपल्याच बायांना दिलेला त्रासही त्यांनी झाकून ठेवलेला नाही.

पुस्तक तेवढंच चांगलं, पण नुसतं "छान आहे" म्हटलं असतं तर तेही कपाटात राहिलं असतं. म्हणून आज पुस्तक कसं सांगावं, याबद्दल बोलू. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण कुणी सांगितलं नाही म्हणून एक मोठं पुस्तक आपल्या नजरेआड कसं गेलं, ते आधी ऐका.

आपल्या मराठवाड्याला लागूनच बुलढाणा आहे. तिथे ताराबाई शिंदे नावाच्या बाई राहत. 1881 साली सुरतेला एका तरुण विधवेवर खटला झाला. विजयालक्ष्मी तिचं नाव. तिला मूल झालं आणि लोकलाजेपायी तिनं ते मारलं, असा आरोप होता. तिला फाशीची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांतून लिहून यायला लागलं की बायका अशाच, बायकांची जातच वाईट. ते वाचून ताराबाईंना राहवलं नाही. त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं आणि 1882 मध्ये ते पुण्यात छापून घेतलं. 500 प्रती काढल्या. किंमत नऊ आणे.

त्यांचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं तर असं. जे जे दोष बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का? विधवेनं लग्न करायचं नाही हा नियम केला कुणी? ती चुकली तर शिक्षा तिला, आणि तिला फसवणारा मोकळा कसा? एकेक दोष घ्यायचा आणि दोन्ही पारड्यांत टाकून बघायचा, म्हणून नाव तुलना.

पुस्तकाला नावं ठेवणारे पुष्कळ निघाले. बाजूने उभे राहिले महात्मा जोतीराव फुले. 1885 मध्ये त्यांनी 'सत्सार' काढलं, त्याच्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेऊन लिहिलं. पण पुढे हे पुस्तक बोलण्यातून गेलं आणि विसरलं गेलं. मराठीचे अभ्यासक स. गं. मालशे यांनी ते शोधून 1975 मध्ये पुन्हा छापलं. मधे 93 वर्षं गेली. तेवढ्या काळात आपल्या पणज्या, आज्या, आया संसार करून गेल्या. आपल्यासारखाच प्रश्न मराठवाड्याशेजारच्या जिल्ह्यातल्या एका बाईनं छापून ठेवलाय, हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

हे पुस्तक आम्ही गटात वाचायला घेतलं तेव्हा पहिल्या दोन पानांतच अडलो. भाषा जुनी आहे, वाक्यं लांबलचक आहेत. मग एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि दर अर्ध्या पानाला थांबायचं, असं ठरवलं. अशाच एका थांब्यावर आमच्यातली एक मावशी म्हणाली, "मला तीन पोरी झाल्या तवा सासूनं मलाच बोल लावला. माझ्या सुनेला दुसरी पोरगी झाली, तवा मीबी तिलाच बोल लावला." कुणीच काही बोललं नाही. आमच्यातल्या किती जणींनी तसंच केलं होतं.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 2001 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागे 894 मुली होत्या. 2011 मध्ये त्या 807 झाल्या, महाराष्ट्रात सगळ्यांत कमी. गर्भातलं बाळ मुलगा की मुलगी हे तपासायला 1994 च्या कायद्यानं बंदी असताना ही गत झाली.

त्या दिवशी आमच्यातल्या एकीची दहावीतली मुलगी शेजारी बसून ऐकत होती. ती उठून घरी गेली आणि शाळेचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली. तिनं वाचून समजावलं ते असं. आईकडून बाळाला एक्स गुणसूत्रच मिळतं. वडिलांकडून एक्स आलं तर मुलगी होते, वाय आलं तर मुलगा. म्हणजे बाईकडे दोन पर्यायच नसतात. आणि वडिलांकडून कोणतं यावं, हेही त्यांच्या हातात नसतं. तेव्हा बोल कुणालाच लावायचा नाही.

मावशीनं ते पान दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "हे पुस्तक माझ्या घरात चार वर्षं पडून होतं. पोरानं रद्दीत घातलं."

म्हणून विचार बदलणारं पुस्तक म्हणजे जाडजूड, मोठ्या लेखकाचंच असतं असं नाही. ताराबाईंनी प्रश्न विचारायला लावला आणि उत्तर दहावीच्या पुस्तकात सापडलं. दोन पुस्तकं शेजारी ठेवली म्हणून हे जमलं. लेकरांची पुस्तकं रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघत जा.

आता सांगायचं कसं ते बघू. चुकतमाकत आम्ही पाच गोष्टी धरल्या आहेत.

पहिली, पुस्तकाचा ठावठिकाणा. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, पानं किती, अक्षर बारीक का मोठं, मिळेल कुठं. चाळिशीनंतर बारीक अक्षर डोळ्यांना त्रास देतं, तेव्हा हेही सांगायचं.

दुसरी, एकच प्रसंग सांगायचा, पण नीट सांगायचा. सगळी गोष्ट सांगितली तर वाचायला काय उरलं? भाजी घेताना आपण एक शेंग मोडून बघतो, सगळी पाटी मोडत नाही.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची. "आधी मला असं वाटायचं, आता असं वाटतं," हे सांगायचं. काहीच बदललं नसेल तर तसं सांगा. पुस्तकाला मान द्यायचा म्हणून खोटं बोलू नका.

चौथी, काय पटलं नाही, काय कळलं नाही. छापलेलं सगळं खरं असतं, ही समजूत आपल्यात फार आहे. ताराबाई विधवांच्या लग्नबंदीवर तळमळून बोलतात. पण आमच्यातल्या काहीजणी म्हणाल्या, आमच्या समाजात बाईचा पाट लागायचा, आमचं दुखणं निराळं, पोटाचं आणि शिवाशिवीचं. त्यांना बेबीताईंचं पुस्तक जवळचं वाटलं. एका पुस्तकात सगळ्या बाया मावत नाहीत. हे बोलून दाखवलं की लेखिकेचा अपमान होत नाही, तिच्याशी बोलणं होतं.

पाचवी, हे कुणी वाचावं. नुकतंच लग्न झालेल्या पोरीनं? सासूनं? की घरातल्या पुरुषानं? दुःखानं आधीच खचलेल्या बाईच्या हातात लगेच दुःखाचं पुस्तक देऊ नका. तिला आम्ही लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' सुचवतो. त्यातही हालअपेष्टा आहेत, पण लक्ष्मीबाई स्वतःवर हसतात आणि आपल्यालाही हसवतात. लग्न होऊन सासरी आल्यावर अक्षरं गिरवायला शिकलेली ही बाई. शिकायचं वय गेलं असं म्हणणाऱ्या प्रत्येकीला त्यांचं नाव सांगा.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांना यातून वगळू नका. आमच्याकडे ऐकणाऱ्या बायाच जास्त चांगलं सांगतात, कारण ओवी पाठ ठेवायची सवय त्यांना आहे. एकीनं वाचायचं, दुसरीनं सांगायचं, अशी जोडी लावा.

पुस्तकं कुठून आणायची? 1967 च्या कायद्यानं मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालयं आपल्याकडे आहेत. गावात नसलं तर बाजाराच्या गावात बघा. गटानं मिळून सभासद व्हा. हवं ते पुस्तक नसेल तर सगळ्याजणींनी सह्या करून लेखी मागणी द्या.

आणि एक शेवटचं. दसरा-दिवाळी झाली की आपल्यातल्या कितीतरी जणी कोयता घेऊन टोळीबरोबर बाहेर पडतात. मुकादमाची उचल फिटेपर्यंत, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, कोपीतच संसार. गेल्या साली आम्ही जाणाऱ्या प्रत्येक जोडीच्या बोचक्यात एकेक पातळ पुस्तक टाकलं. परत आल्यावर दोन पुस्तकं भिजलेली होती आणि एक आलंच नाही. विचारलं तर कळलं, फडातल्या दुसऱ्या टोळीतल्या बाईनं ते मागून नेलं. आम्ही तिच्या नावावर दंड लावला नाही. वहीत लिहिलं, पुस्तक पुढे गेलं.

पुढच्या बैठकीला तुमच्या गटात कुणाची पाळी आहे, ते आजच ठरवा.